संयोगिताची अर्धी सरी

१

खोटं लिहिलंत तुम्ही, फौजदारसाहेब. पंख्याखाली बसून, शिक्का मारून, सही ठोकून खोटं लिहिलंत. 'कौटुंबिक वादातून विषारी औषध प्राशन.' एका ओळीत सव्वीस वर्षांची बाई गुंडाळलीत आणि तिच्या नवऱ्याला जीपमध्ये घालून नेलंत. तिचं तोंड उघडून बघितलं नाहीत. हात बघितले नाहीत. ती ज्या रानात राबत होती, तिथं बूट घातलेला पायसुद्धा टाकला नाहीत. तुमचं नाव घेत नाही, कारण त्या खुर्चीत दुसरा कुणी असता तरी त्यानंही हेच लिहिलं असतं.

पण तांबडमाळात रत्नाबाई मगदूम राहतात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

रत्नाबाई, वय एकोणसत्तर. तेहतीस वर्षं सरकारी नर्स. मुरगूडपासून वरच्या अंगाला माळावर जेवढी वाड्यावस्ती आहे, तिथली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली आणि बरीचशी त्यांच्यासमोर गेली. बुधवारी, गौरीपूजनाच्या दिवशी, साडेअकराला कुणीतरी दारात येऊन ओरडलं, "बाई, राजवीरच्या गंजीमागं चला! संयोगिता पडलीया!"

त्या पोचल्या तेव्हा संपलं होतं. गवताच्या गंजीला पाठ लागलेली, तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक. कडेला बाटली, बाटलीवर विषाचा लाल त्रिकोण. औषधानंच गेली होती, त्यात शंका नव्हती. उजव्या अंगठ्याला पांढरी चिंधी होती. ती सोमवारी रत्नाबाईंनीच बांधलेली. नख मुळातनं उपटलं होतं पोरीचं.

रत्नाबाईंनी तिचा ओठ वर केला. दात निळे. पुढचे चार दात आणि डावीकडचा ओठाचा कोपरा, पोरानं शाईचं पेन चावावं तसे.

त्यांनी बाटली उचलली. औषध फिकट, एरंडेलासारखं. निळेपणाचा थेंब नाही. आणि टोपण इतकं घट्ट, की त्यांच्या हातून फिरेना.

"हवालदार, हे बघा की जरा," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमचं वय झालं. बाजूला व्हा."

रत्नाबाई बाजूला झाल्या. पण औषध पिऊन, टोपण घट्ट लावून, मग मरणारं माणूस त्यांनी तेहतीस वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

२

राजवीरला गजाआड बघवत नव्हतं. दोन म्हशी, अर्धा एकर भुईमूग आणि एक चार वर्षांची पोरगी, एवढाच त्याचा संसार. शेजाऱ्यांनी जबाब दिला होता की बुधवारी पहाटे तो बायकोला "जा, मर तिकडं" म्हणाला. तुम्हाला तेवढं पुरलं.

"म्हणलास काय तसं?" रत्नाबाईंनी गुरुवारी सकाळी विचारलं.

"म्हणलो." त्यानं कपाळ गजाला टेकलं. "बाई, गौरी घरात बसलेली. म्हणलो, आजचा दिस तरी त्या कापसाच्या प्लॉटावर जाऊ नगंस. तर म्हणती, फुलाला सण कळत न्हाय. मुकादमानं सांगितलंय, एक दिस चुकलीस तर तुझी सरी दुसरीला. मग माझं डोस्कं फिरलं. गेलं तोंडातनं."

"घरात औषधाची बाटली हुती?"

"कशाला असंल? माझ्याकडं कापूस कुठाय? म्हशीच्या गोचडाची पावडर हाय तेवढी, ती बी दुधाच्या डेअरीतली."

"मग ती गेली कुठं त्या रागात? गंजीमागं?"

राजवीरनं वर बघितलं. एका रात्रीत त्याचे डोळे आत गेले होते. "गंजीमागं? न्हाय बाई. गौरीला निऱ्या घातल्या, पोरीची वेणी घातली आणि प्लॉटाकडं गेली. मी दारातनं बघत हुतो की. सडकेला लागंपर्यंत बघत हुतो."

हे रत्नाबाईंना नवं होतं. कारण मुकादमानं सही करून जबाब दिला होता: संयोगिता बुधवारी कामावर आलीच नाही.

"पोरगी कुठाय?" राजवीरनं विचारलं.

"माझ्याकडं. दूधभात खाल्लाय."

"तिला सांगू नका मी हितं हाय त्ये."

३

कोल्हापूर म्हटलं की लोकांना ऊस दिसतो. पण तांबडमाळावर कालव्याचं पाणी चढत नाही. आठ वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस आला आणि माळ बघून खूश झाला. का? तर चहूकडं मैलभर उसाशिवाय काही नाही. बियाण्याच्या कापसाजवळ दुसरा कापूस नको असतो, परका पराग उडून आला की बी बिघडतं. तेव्हापासून या माळावर बी पिकतं. पिशवीवर छापतात, 'अळीला दाद देत नाही', आणि विदर्भ-मराठवाड्यात विकतात. आणि ज्या प्लॉटात ते बी तयार होतं, त्याच प्लॉटाच्या बोंडांत गुलाबी अळी वळवळते.

तिला मारायला आठवड्याला फवारा. आठ वर्षांत ओढ्यातले बेडूक गेले, मधमाशा गेल्या, माळावरचे पोपट गेले. प्लॉटाखालच्या विहिरीचं पाणी म्हैस हुंगते आणि मान वळवते. माणसं पितात.

प्लॉट वर्धमानचा. वर्धमान म्हणजे रत्नाबाईंचा चुलतभाऊ. मुकादम सयाजी. बांधावर उभा राहून तो बायकांवर खेकसत होता. रत्नाबाईंना बघून आवाज उतरला.

"काय नर्सबाई, हिकडं कुठं वाट चुकली?"

"संयोगिताची सरी कुठली?"

"ती शेवटची. पर बुधवारी आली न्हाय ती. गौरीचा सण न्हवं का. आणि घरात भांडण, तुम्हास्नी ठावं असंलच."

रत्नाबाई सरीत शिरल्या. बी तयार करायची रीत त्यांना पाठ होती. या बायकांच्या बोटांवर त्यांनी आठ वर्षं मलम लावलं होतं. सांजचं बाईनं न उमललेली कळी अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतला नरभाग काढायचा आणि उरलेल्यावर लाल कागदाचं टोपडं घालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपडं काढायचं, नरफुलाचा पराग फिरवायचा, देठाला दोरा बांधायचा आणि पांढरं टोपडं घालायचं. लाल टोपडं एका रात्रीचं, पांढरंही दुसऱ्या सांजेपर्यंत गळून पडतं. सकाळ चुकली की कळी वाया. प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे बोंड गळलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते मुकादमाला कळतं. संयोगिताचा रंग निळा.

सरीच्या तोंडाशी पांढरी टोपडी. त्यांच्या देठांना निळा दोरा. रत्नाबाई वाकून एकेक झाड बघत पुढं गेल्या. पांढरं, पांढरं, पांढरं. सरीच्या मध्याला झाडाची एक फांदी मोडून लोंबत होती, खालची माती घसटलेली. आणि तिथनं पुढं शेवटपर्यंत सगळी लाल. आतल्या कळ्या सुकून करपलेल्या.

त्या तशाच वाकून राहिल्या. मंगळवारी सांजचं पूर्ण सरीला लाल टोपडी घालून बाई घरी गेली. बुधवारी सकाळी आली आणि निम्म्या सरीत थांबली. जी बाई सणादिवशी नवऱ्याशी भांडून कामाला येते, ती मर्जीनं निम्म्यात थांबत नाही.

"सयाजी!" त्यांनी हाक मारली. "बुधवारी आली न्हाय म्हणतोस. मग ही पांढरी टोपडी काय तुझ्या बानं घातली?"

पण सयाजी बांधावर नव्हता. तो वर्धमानच्या शेडकडं धावत सुटला होता.

४

"बस आक्का," वर्धमान म्हणाला. जैनांच्या पर्युषण पर्वाचा उपास होता, ओठ सुकलेले. शेडच्या मागल्या तारेवर, सकाळचं बांधणं उरकल्यावर गोळा केलेल्या दोऱ्याच्या बारा गुंडाळ्या वाळत घातल्या होत्या. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या. खाली शहाबादी फरशीवर रंगाचे ठिपके पडले होते.

"ती आलती बुधवारी," रत्नाबाई सरळ म्हणाल्या.

"आलती. चक्कर आली. टेंपोतनं घरी सोडली. पुढं घरात काय झालं ते आम्हाला काय ठावं? सयाजी भ्याला आणि आलीच न्हाय म्हणून बसला. गाढव हाय."

"वर्धमान, रानात औषध मारलंतास काय?"

त्यानं दोन्ही हात कानाला लावले. "आक्का! तू बस्तीत हुतीस की. पहिल्या दिवशी तुझ्यासमोर व्रत घेतलं. पर्वाचे दहा दिवस रानात फवारा न्हाई, एक जीव मारणार न्हाई. पंप पेटीत हाय, किल्ली बस्तीत दिलीया. विचार जाऊन."

रत्नाबाई त्या दिवशी बस्तीत, जैन मंदिरात, होत्याच. वर्धमान वाकून, ओल्या डोळ्यांनी ते बोलला होता, आणि त्यांना भावाचा अभिमान वाटला होता. हा माणूस व्यापारात चार गोष्टी वाकड्या करील, पण पर्वात व्रत मोडणार नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. किल्ली बस्तीत होती. पेटीच्या कुलपाला कोळिष्टकं लागली होती. शिवाय सकाळी कोण फवारणार? पराग ओला झाला की मेला.

"दोरं धुतलीस काय?" उठता उठता त्यांनी विचारलं.

"मळलीती."

त्या घरी आल्या. पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. औषध नाही तर फेस कुठला? फवारा नाही तर औषध कुठलं? मग राजवीरच खोटं बोलतोय काय? सगळी दुपार त्यांनी त्या गरीब माणसावर संशय घेण्यात घालवली. पर्वात जैन माणूस विष हातात धरणार नाही, ही त्यांची समजूत. जन्मभराची. तिनंच त्यांचे डोळे झाकले होते.

पाचला प्रियदर्शनीची आई दारात आली. "बाई, गौरी बोळवायची हाय आणि आमच्या पोरीला हाराची सुई ओवता येईना झालीया. दिसतच न्हाय म्हणती."

५

प्रियदर्शनी, वय एकोणीस, प्लॉटावरची हिरव्या दोऱ्याची. उंबऱ्यात बसून डोळे चोळत होती.

"कधीपासनं?"

"कालपासनं. धुकं धुकं. डोस्कं बी ठणकतंय. सगळ्याच म्हणत्यात. मुकादम म्हणतोय, मोबाईल कमी बघा."

रत्नाबाईंनी बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या. बुधवारी गंजीमागं बघितलेल्या, तश्शा.

"खरं सांग. काय प्यालीस?"

"चहा! दुसरं काय पिणार? तुम्ही बी काय बाई, घरात गौरी असताना..."

"हात बघू."

बोटांच्या टोकांना हिरवा रंग. घासला तरी जाईना.

"हा रंग नेहमीच लागतो?"

"छ्या! आठ दिस झालं त्यो दोरा वापरतोय, कधी न्हाय. कालपासनंच सोडाय लागलाय. वास बी येतोय घाणेरडा. मुकादम म्हणला, नव्या साबणानं धुतलाय."

रत्नाबाईंनी तिचं बोट नाकाशी नेलं. "दोरा तोडता कशानं?"

"नखानं की. नख त्यासाठीच तर राखायचं. धार असती."

"संयोगिता?"

प्रियदर्शनीनं मान खाली घातली. बाहेर कुणी नाही ना, ते बघितलं.

"तिचं नख गेलतं न्हवं का. ती गुंडाळी दातात धरायची आणि दातानंच तोडायची. मी थट्टा केली, म्हणलं, शेळीगत काय चघळतीस? हसली. मग थोड्या येळानं थुंकाय लागली. लाळ थांबंना. मग पडली. बाई, आम्ही अकरा जणी बघत हुतो. मुकादम म्हणला, तोंड उघडलं तर उद्यापासनं एकीनं बी यायचं न्हाय."

"आणि तुम्ही तोंड मिटलं."

"व्हय," प्रियदर्शनी म्हणाली आणि रडायला लागली. रत्नाबाईंनी तिला थोपटलं नाही. रुग्णवाहिकेला फोन लावून त्यांनी अकराही जणींची नावं सांगितली, आणि तशाच शेडकडं निघाल्या. मघाशी तारेवर बारा गुंडाळ्या होत्या. कामाला अकरा बाया. मेलेल्या बाईचा दोरासुद्धा उद्याच्या कुणासाठी तरी वाळत होता.

६

"तू व्रत मोडलं न्हाईस, वर्धमान," त्या म्हणाल्या. "मीच गाढव. मी फवारा शोधत बसले."

वर्धमान आणि सयाजी, दोघंही उभे राहिले.

"अळी वाढली. फवारायचं न्हाय, व्रत हाय. म्हणून मंगळवारी सांजचं बायांकडनं दोरं गोळा केल्यावर ती औषधात बुडवलीस. निव्वळ औषधात, पाणी बी न घालता. देठाला विषाचा दोरा बांधला की अळी बोंडात शिरणार न्हाय. तुझ्या हातनं एक थेंब उडाला न्हाय. औषधानं दोऱ्याचा रंग सुटला. अकरा जणींच्या बोटाला लागला आणि एकीच्या दाताला. ती प्याली असती तर दात निळे कशानं झाले? बाटलीत निळं काय न्हाय. बाटली तुझ्या शेडातली. राजवीरच्या घरात कापसाचं औषध यायला त्याच्याकडं कापूस कुठाय? आणि टोपण लावलं सयाजीनं. सवय. मुकादम औषध सांडू देत न्हाय."

सयाजी फरशीकडं बघत राहिला. "शेठ म्हणलं, बाटली ठेव. मी ठेवली."

"शनिवारी कंपनीचा माणूस येणार हुता," वर्धमान म्हणाला. "एका बोंडात जरी अळी घावली तरी पुरा प्लॉट नापास करणार हुता. आक्का, मला काय सपान पडलंतं, ती दातात धरती म्हणून?"

"न्हाय पडलं. हातात धरत्यात हे तर ठावं हुतं? अळी जीव हाय. आणि त्या बारा जणी?"

वर्धमाननं तोंड फिरवलं.

"आता एकच सांग. टेंपोत घातली तवा ती जिवंत हुती?"

माळावरनं टेंपो खाली उतरला की फाटा लागतो. डावीकडं मुरगूडचा रस्ता, पंचवीस मिनिटांवर दवाखाना, तिथं या विषावरचं इंजेक्शन कपाटात असतं. उजवीकडं गाव.

"पाणी मागत हुती," वर्धमान म्हणाला. "दवाखान्यात विचारलं असतं, औषध कुठलं. पर्वात कुठनं आलं. समाजात तोंड... मी उजवीकडं वळालो, आक्का."

रत्नाबाई खाली बसल्या. फरशीवरचे रंगाचे ठिपके त्यांच्या पातळाला लागले. या भावाच्या हाताला त्यांनी साठ वर्षं राखी बांधली होती.

"ऐक," उठत त्या म्हणाल्या. "उद्या माझ्याबरोबर यायचं. जे आता बोललास, ते तिथं बोलायचं. शब्द गाळायचा न्हाय."

७

आणि तो आला, साहेब. शुक्रवारी सकाळी तुमच्या टेबलासमोर उभा राहून, अनवाणी, सगळं बोलला. खून करणारा माणूस स्वतःच्या पायांनी येऊन म्हणतोय, मी केलं. दवाखान्यातनं रातोरात इंजेक्शनं घेऊन आलेल्या अकरा बाया व्हरांड्यात उभ्या होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी होती. पिशवीत दोऱ्याच्या बारा गुंडाळ्या होत्या. रत्नाबाईंनी पांढरी टोपडी, लाल टोपडी, मोडलेली फांदी, सगळं तुम्हाला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

तुम्ही काय म्हणालात?

"शेठ, पर्व चालू आहे ना तुमचं? उपासानं माणूस असं बरळतं. घरी जा. बाई, कागद वर गेलाय. आता बदलत नाही."

"बदलत न्हाय म्हणजे?" रत्नाबाईंनी विचारलं.

"म्हणजे बदलत नाही. या प्लॉटाला परवानगी आहे. औषधाला परवानगी आहे. दुकानाला आहे, कंपनीला आहे. रानात मेली असं लिहिलं, तर किती जणांना बोलवावं लागेल, कल्पना आहे? एका बाईसाठी?"

"आणि राजवीर?"

"तो भांडला होता. साक्षीदार आहेत."

"ह्या अकरा जणींचं काय मग?"

तुम्ही चिठ्ठी बघितलीत. पेन उचललंत. आणि अकरा नावांपुढं, एकीखाली एक, लिहायला लागलात: 'औषध प्राशन केल्याचा संशय.'

व्हरांड्यातनं प्रियदर्शनी ओरडली, "साहेब, मी चहा प्यालोय!" एकदोघी हसल्या. मग कुणी हसलं नाही. वर्धमान भिंतीला धरून खाली बसला. त्याला शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कुणी तयार नव्हतं. सयाजी निघून गेला होता. शनिवार तोंडावर होता आणि त्याला नव्या बाया बघायच्या होत्या.

रत्नाबाई हलल्या नाहीत. अजून हललेल्या नाहीत. तुमच्या दारातल्या बाकावर बसून आहेत, मांडीवर राजवीरची पोरगी. सूर्य मावळल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि दिवसा तुमच्या शिपायानं दिलेलं घेत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगतात, "उत्तर मिळालं की जाते."

पोरीला आता कळलंय बाप कुठं आहे ते. काल तिनं तुमच्याकडं बोट दाखवून विचारलं, "आज्जी, माझ्या बाबांनी काय केलंय, ते ह्यास्नी ठावं हाय?"

तुम्ही आत गेलात आणि दार लावून घेतलंत.

बाहेर या. तिच्यासमोर उभं राहा आणि तिला सांगा: तिच्या बापानं काय केलंय? सांगा. ती वाट बघतेय.